लाटांचे गुरुजी आणि हॉटेलांचे 'बॉय'

किनारपट्टीवर पर्यटन आणावे की आणू नये, हा वाद आमच्या धर्मग्रामांतून निघाला की पर्यटनाच्या बाजूची मंडळी हवाई बेटांचा दाखला हमखास पुढे करतात. पर्यटनामुळे त्या लोकांची संस्कृती टिकली, त्यांची गाणी जगभर गेली, लाटांवरचा त्यांचा खेळ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला आणि किनाऱ्यावरच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्याचे साधन मिळाले, असा तो युक्तिवाद असतो. त्यावर दुसऱ्या बाजूची मंडळी, आणि यांत आमचे सोवळे धर्मबांधव अधिक, नाक मुरडून म्हणतात की किनाऱ्यावर गिटार वाजवीत बसणारी ती सारी उनाड पोरे, त्यांचे उदाहरण आमच्या मुलांपुढे नको. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत. एकाला त्या माणसांत शोभेची वस्तू दिसते, तर दुसऱ्याला वाया गेलेला मुलगा दिसतो. ती माणसे शिक्षक होती, हे दोघांनाही दिसत नाही.

ओआहू बेटावर होनोलुलू शहराला लागून वाइकीकी नावाचा किनारा आहे. तेथे १९०१ साली मोआना हॉटेल उभे राहिले आणि अमेरिकेहून बोटीने येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना लाटांवर नेणारे, उलांडीची होडी चालवून दाखविणारे, बुडणाऱ्याला वाचविणारे आणि संध्याकाळी युकुलेली घेऊन गाणारे स्थानिक लोक 'बीच बॉय' या नावाने ओळखले जाऊ लागले. शब्द नीट ऐकावा. पन्नाशी-साठीचे गृहस्थ, नातवंडे असलेले आजोबा, तरीही ते 'बॉय'. मुंबईच्या जुन्या क्लबांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून पांढऱ्या केसांच्या नोकराला 'बॉय' अशी हाक मारली जात असे. त्या नोकरांत गोव्याचे आणि आमच्या किनाऱ्याचे ख्रिस्ती बांधव थोडे नव्हते. या शब्दाने माणसाचे काय होते हे निदान आम्हांला तरी कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. ज्याला 'बॉय' म्हटले त्याच्या ज्ञानाची फी द्यावी लागत नाही, खुशीने बक्षिसी दिली की भागते.

आता हे ज्ञान काय होते ते पाहू. हवाई भाषेत या विद्येला 'हेए नालू' म्हणतात, म्हणजे लाटेवरून घसरत जाणे. राजे, राण्या आणि सामान्य जन सारेच ती जाणत. सरदारांसाठी 'ओलो' नावाची लांबलचक फळी असे, तर इतरांसाठी 'अलाइआ' नावाची आखूड आणि पातळ फळी. १८२० साली बोस्टनहून प्रॉटेस्टंट मिशनरी आले. त्यांचे प्रमुख हायरम बिंगहॅम यांनी १८४७ च्या आपल्या ग्रंथात फळ्यांचा वापर घटल्याचे श्रेय वाढती शालीनता, उद्योगशीलता आणि धर्मनिष्ठा यांना देऊन टाकले. हा हिशेब आम्हांस पटत नाही. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तेथे पोहोचला तेव्हा काही लाखांच्या घरात असलेले हे लोक १८९० च्या शिरगणतीत सुमारे चाळीस हजार उरले. परकीय जहाजांतून आलेल्या रोगांनी गावेच्या गावे ओस पाडली. ज्या समाजात प्रेते उचलायला माणसे पुरत नाहीत, त्या समाजाने लाटांवर खेळणे कमी केले तर ती धर्मनिष्ठा कशी म्हणावी?

यावरून प्रॉटेस्टंटांना दोष देऊन कॅथलिकांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. पवित्र हृदयांच्या संघाचे आमचे धर्मगुरू १८२७ साली तेथे उतरले, १८३१ मध्ये हद्दपार झाले. स्थानिक कॅथलिकांनी छळ सोसला हे खरे. पण १८३९ मध्ये त्यांना जे धर्मस्वातंत्र्य मिळाले ते फ्रेंच युद्धनौकेच्या तोफा रोखल्यावर मिळाले, आणि त्यात मिरवण्याजोगे काही नाही. आमच्या बाजूला मिरवण्याजोगे जे आहे ते मोलोकाई बेटावर. १८७३ साली संत डेमियन तेथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. त्यांनी घरे बांधली, शवपेट्या केल्या, त्याचप्रमाणे त्या रोग्यांचा गायनवृंदही उभा केला. ज्यांची बोटे झडत होती त्यांच्या गळ्यातले गाणे त्यांनी उनाडपणा मानले नाही. गाणाऱ्या पोरांकडे पाहून नाक मुरडणाऱ्या आमच्या बांधवांनी या संताची नोव्हेना करताना एवढे ध्यानात ठेवावे.

वाइकीकीच्या शिक्षकांकडे वळू. शिष्य बहुधा असा, की ज्याने समुद्र बोटीच्या कठड्यावरूनच पाहिलेला. प्रथम वाळूवर फळी ठेवून त्याला तिच्यावर पालथे झोपवायचे, हातांनी पाणी मागे ओढण्याची कवायत करून घ्यायची, झटक्यात उठताना पाय कोठे पडले पाहिजेत ते दाखवायचे. मग पाण्यात शिरायचे. शिक्षक फळीच्या मागे राहतात आणि त्यांचे डोळे शिष्याकडे नसून दूर समुद्राकडे असतात. दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळांनी उठविलेल्या लाटा हजारो मैल प्रवास करून आपल्या उन्हाळ्यात वाइकीकीच्या प्रवाळखडकांवर येऊन फुटतात. त्या एकेकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात आणि मध्ये शांत काळ जातो. घोळक्यातील कोणती लाट नवख्याला झेपेल, ती खडकाच्या कोणत्या भागावर उभी राहील, वारा तिला आडवा पाडील की धरून ठेवील, हे काही क्षणांत ठरवून शिक्षक फळीला नेमका रेटा देतात. एक श्वास आधी दिला तर लाट खालून निघून जाते, एक श्वास उशिरा दिला तर फळीचे नाक पाण्यात घुसते आणि शिष्य खडकावर. नेमका पडला तर तो गृहस्थ उभा राहतो, ओरडतो, किनाऱ्यापर्यंत येतो आणि आपण शिकलो असे समजतो. त्याच्या छायाचित्रात तो रेटा देणारा हात येत नाही.

हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते काकाकडून पुतण्याकडे, बापाकडून मुलाकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे आले. ड्यूक कहानामोकू आणि त्यांचे पाच भाऊ, त्यांच्या आईकडचे पाओआ कुटुंब, 'स्टीमबोट' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले मोकुआही पिता-पुत्र, १९२० साली जन्मून २०१६ पर्यंत जगलेले आणि म्हातारपणीही लाटांवर उतरणारे 'रॅबिट' केकाई, ही नुसती टोपणनावांची गंमत नाही. ही घराणी आहेत, आपल्याकडे गायकीची असतात तशी. फरक इतकाच, की आपण घराण्याच्या गायकाला पंडितजी वा खाँसाहेब म्हणतो.

यांपैकी सर्वच संत होते असे आम्ही म्हणत नाही. दारू होती, आणि हॉटेलात एकट्या उतरलेल्या धनिक स्त्रियांशी त्यांची नावे जोडली जात ती सर्वच खोटी होती असेही नाही. मात्र पाहुण्याने सुट्टीवर येऊन केलेल्या पापाचा सगळा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाच्या खात्यावर मांडायचा, ही रीत आम्हांस मान्य नाही.

त्यांच्या संगीताची कथा तर आमच्या वाचकांना घरची वाटेल. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदैरा बेटावरून चारशेहून अधिक पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागले. उसाच्या मळ्यांत राबायला आलेली ही कॅथलिक कुटुंबे. त्यांतील मानुएल नुनिस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो हे सुतारकामातले कसबी लोक. त्यांनी आपल्याकडील चार तारांच्या छोट्या वाद्यावरून कोआ लाकडाची जी वाद्ये घडविली, ती युकुलेली. आमच्या वसईवर दोनशे वर्षे राज्य करून ज्यांनी व्हायोलिन आणि बहुस्वरी गायन मागे ठेवले, त्याच पोर्तुगिजांचे हे गरीब भाऊबंद होत. गिटार त्यापूर्वीच मेक्सिकन गुराख्यांबरोबर आली होती. आवाजांची मिळवणी हवाईकरांनी प्रार्थनामंदिरातील भजनांतून उचलली. या साऱ्यातून त्यांनी स्वतःचे असे काही घडविले, जसे गोवेकरांनी मांडो घडविला. मोआना हॉटेलापुढे समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्यावर रात्री दिवसभर लाटांवर शिकविणारेच लोक गायला बसत. त्यांच्यातील पुआ केआलोहा १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवून आले होते आणि तरीही तेथे गाण्याला बसत.

हे संगीत आमच्यापर्यंतही आले. मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी दांडी सरकवायची पद्धत जोसेफ केकुकू या हवाई तरुणाने रूढ केली. टाऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून ती शिकवीत होते. पुढे लखनौच्या व्हॅन शिप्ली यांनी ती मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणली आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यावर राग वाजवून १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. 'हवाईयन गिटार' हा शब्द आमच्या घरांतून तीन पिढ्या बोलला जातो. तो शब्द ज्यांचा, त्यांना मात्र आम्ही उनाड म्हणतो.

पर्यटनाच्या व्यापाराने या माणसांना काय दिले? तीन जणांची हकीकत पुरे आहे.

जॉर्ज फ्रीथ हे १९०७ साली कॅलिफोर्नियाला गेले. एका रेल्वेमालकाने आपल्या किनाऱ्यावरील जमिनींकडे गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्यांना पाण्यावरून चालणारा माणूस अशी जाहिरात करून लाटांवर उभे केले. जाहिरात सोडून ते जीवरक्षकांना शिक्षण देऊ लागले. डिसेंबर १९०८ मधील वादळात थंड पाण्यात पुन्हापुन्हा उड्या घेऊन त्यांनी जपानी कोळ्यांचे प्राण वाचविले. १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते वारले.

ड्यूक कहानामोकू यांनी १९११ साली होनोलुलू बंदरात शंभर यार्डांच्या शर्यतीत तत्कालीन विक्रम साडेचार सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. अमेरिकेतील क्रीडाधिकाऱ्यांनी विश्वासच ठेवला नाही आणि वेळ नामंजूर केली. पुढल्या वर्षी स्टॉकहोमला त्यांनी शंभर मीटरचे सुवर्णपदक घेतले. १९१४ च्या अखेरीस सिडनीजवळ फ्रेशवॉटर येथे तिथल्याच पाइनच्या लाकडातून फळी तासून त्यांनी ऑस्ट्रेलियाला लाटांवर उभे राहायला दाखविले. १९२५ साली कॅलिफोर्नियात उलटलेल्या मासेमारी बोटीतील आठ जणांना त्यांनी फळीवरून किनाऱ्याला आणले. असा हा माणूस पोटासाठी पेट्रोल पंप चालवीत होता आणि होनोलुलूच्या नगरगृहाची देखभाल करीत होता. १९३४ पासून लोकांनी शेरीफ म्हणून पुन्हापुन्हा निवडून दिले तेव्हा कोठे स्थैर्य आले. आईच्या माहेरची पाओआंची जमीन जेथे होती आणि जेथे त्यांचे बालपण गेले, तेथे आज हॉटेलांची प्रचंड वसाहत आहे. लगतच्या किनाऱ्याला मात्र त्यांचे नाव दिले आहे. जमीन घेऊन नाव परत करण्याचा हा सौदा आम्हांस उदार वाटत नाही. १९९० साली वाइकीकीवर त्यांचा पुतळा बसविला, तोही समुद्राकडे पाठ करून. लाटांवर जाणारा माणूस समुद्राकडे कधी पाठ करीत नाही हे तेथील लहान पोरही जाणते. पण पुतळ्यामागे समुद्र आला की छायाचित्र चांगले निघते.

तिसरे जोसेफ कहाहावाई. हे वाइकीकीचे शिक्षक नव्हते, पण त्यांच्या नावाने शिक्षकांची बदनामी झाली म्हणून त्यांची आठवण. सप्टेंबर १९३१ मध्ये अमेरिकन नौदलातील अधिकाऱ्याच्या पत्नीने अत्याचाराचा आरोप केला. पाच स्थानिक तरुणांवर खटला चालला आणि ज्यूरीचे एकमत झाले नाही. जानेवारी १९३२ मध्ये त्या अधिकाऱ्याने, त्याच्या सासूने व दोघा खलाशांनी कहाहावाई यांना पळवून नेले आणि गोळी घालून मारले. सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली, ती गव्हर्नरने एक तासावर आणली. तो तास गव्हर्नरच्या कचेरीत काढून मंडळी मोकळी झाली. या काळात अमेरिकेतील वर्तमानपत्रे हवाईच्या किनाऱ्यावरील सावळ्या माणसांपासून गोऱ्या स्त्रियांना धोका असल्याच्या कथा छापीत होती. तीन वर्षांनी, १९३५ साली, त्याच मोआना हॉटेलच्या अंगणातून 'हवाई कॉल्स' नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि १९७५ पर्यंत तीच सावळी माणसे प्रेमळ, हसरी आणि निरुपद्रवी म्हणून जगाला ऐकविली गेली. राक्षस आणि खेळणे, यांच्या मधली माणसाची जागा रिकामीच राहिली.

हिंदी चित्रपटांतील कॅथलिक पात्र आठवावे. हातात बाटली, गळ्यात क्रूस, बोलणे मोडके आणि मागे गिटार. त्याच चित्रपटांच्या संगीताची स्वरलेखने मात्र गोव्याच्या चर्चच्या शाळांत शिकलेले आमचे वादक रात्ररात्र बसून लिहीत होते. अँथनी गोन्साल्विस आणि सबॅस्टियन डिसोझा यांची नावे पडद्यावर ठळक अक्षरांत येत नसत. हवाईकरांवरही हाच प्रयोग झाला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर त्यांच्या संगीताची लाट आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या गीतकारांनी हवाई भाषेसारखे वाटणारे अर्थहीन शब्द जुळवून गाणी विकली. इकडे हवाईतील शाळांतून १८९६ च्या कायद्याने हवाई भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून बाद झाली होती. राणी लिलिउओकलानी यांना १८९३ साली पदच्युत करण्यात आले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. ज्या वाइकीकीत तारोचे वाफे, मत्स्यतळी आणि भातखाचरे होती, तेथे १९२१ ते १९२८ या काळात आला वाई कालवा खणून पाणथळ जमीन सुकविली, भराव टाकला आणि हॉटेलांना जागा केली. भाषा बंद, जमीन गेली आणि गाणे तेवढे ठेवले, कारण गाणे पाहुण्यांना आवडे.

मग संस्कृती टिकविली कोणी? पर्यटनाने, असे म्हणणाऱ्यांना आम्ही जॉर्ज हेल्म यांचे नाव विचारतो. मोलोकाई बेटावर जन्मलेला हा मुलगा होनोलुलूच्या सेंट लुईस या कॅथलिक शाळेत शिकला. उंच सुरात गाणारा त्याच्यासारखा गळा त्या पिढीत विरळा होता. तो दारूच्या गुत्त्यांतून आणि हॉटेलांतून गात असे. अमेरिकन नौदल १९४१ पासून कहोओलावे हे आख्खे बेट बाँबफेकीच्या सरावासाठी वापरीत होते. हेल्म गाण्याच्या कार्यक्रमांतून त्याविरुद्ध बोलू लागला आणि मित्रांसह त्या बेटावर उतरू लागला. मार्च १९७७ मध्ये तेथून परतताना तो व त्याचा साथी किमो मिचेल समुद्रात नाहीसे झाले. तो सव्वीस वर्षांचा होता. बाँबफेक १९९० मध्ये थांबली.

बरोबर एका वर्षाने, मार्च १९७८ मध्ये, एडी आइकाऊ गेले. हे वाइमेआ उपसागरावरचे जीवरक्षक, गिटार वाजविणारे, शेकडो लोकांना पाण्याबाहेर काढलेले. पूर्वजांच्या पद्धतीने बांधलेल्या 'होकुलेआ' या जोडहोडीवर ताहितीला निघाले असता ती मोलोकाईच्या खाडीत उलटली. मदत आणण्यासाठी आइकाऊ आपली फळी घेऊन एकटेच लानाई बेटाच्या दिशेने निघाले. बाकीचे सारे त्याच दिवशी वाचले आणि आइकाऊ पुन्हा कोणास दिसले नाहीत. त्याच साली हवाईच्या राज्यघटनेत हवाई भाषेला इंग्रजीबरोबर राजभाषेचे स्थान मिळाले. हेल्म आणि आइकाऊ यांना हॉटेलांनी घडविले नव्हते. ज्या मुलांना आमचे सोवळे बांधव गिटारवाले उनाड म्हणतात, त्यांतीलच हे दोघे.

संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रात शिकविले की कामाची थोरवी ते काम कोणते आहे यावर नव्हे, तर ते करणारा माणूस आहे यावर ठरते. हे सेमिनरीत पाठ करून घेतले जाते. किनाऱ्याला ते लावून पाहण्याची वेळ क्वचित येते. पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी घेणारा, पाण्याचे शास्त्र जाणणारा माणूस करमणुकीच्या खात्यात धरला गेला, की त्याला वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि त्याच्या मुलाला त्या किनाऱ्यावर हक्क नाही. वाइकीकीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर फळ्या भाड्याने देण्याचा व शिकविण्याचा परवाना आज निविदा मागवून दिला जातो. निविदेच्या कागदावर आजोबांचे नाव लिहिण्यासाठी रकाना नसतो.

१९५९ साली, हवाई अमेरिकेचे राज्य झाले त्या वर्षी, सुमारे अडीच लाख पाहुणे आले. २०१९ मध्ये ते एक कोटीवर गेले. राज्याची लोकसंख्या चौदा-पंधरा लाख. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या, आणि २०२० च्या जनगणनेत असे दिसले की मूळ हवाईकरांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाईत राहतच नाहीत. नेवाडाच्या वाळवंटातील लास व्हेगासमध्ये त्यांची इतकी वस्ती झाली आहे, की बेटांवरचे लोक त्या शहराला थट्टेने 'नववे बेट' म्हणतात. लाटांवर ज्यांची घराणी उभी राहिली त्यांची नातवंडे समुद्रापासून शेकडो मैल आत. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंगचे महिलांचे पहिले सुवर्णपदक मूळ हवाई वंशाच्या करिसा मूर हिने जिंकले. ध्वज अमेरिकेचा चढला.

तेव्हा हवाईचा दाखला देणाऱ्या आमच्या बांधवांनी तो पुरता द्यावा. येथे पर्यटन आणताना किनाऱ्यावरचा हक्क गावच्या कोळी कुटुंबांच्या नावावर राहणार की निविदेने बाहेरच्या कंत्राटदाराला जाणार? पोहायला व बोटीवर शिकविणाऱ्या मुलाला शिक्षकाचा पगार मिळणार की ताटात ठेवलेली नाणी? पाहुण्यांच्या घरांमुळे जमिनीचे भाव चढले, तर त्या मुलाने लग्न करून राहायचे कोठे? आणि आमची लग्नातली गाणी हॉटेलच्या अंगणात जेवणाबरोबर वाढायची ठरली, तर ती कोणती, किती वेळ आणि कोणत्या शब्दांत, हे गाणारे ठरविणार की जेवणारे? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे धर्मग्राम सभेपुढे ठेवावीत. तोवर वाइकीकीच्या हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे भिंतीवर लावून कोणी भाषण करू लागल्यास, आम्ही त्यांना प्रथम त्या चित्रांतील माणसांची नावे विचारू.